आधी माती, मग चांदी

आधी एक कोडं घालते. लाटली तर पोळीसारखी लाटली जाते, चिमटीत धरली तर मोदकाच्या पारीसारखी मुडपते, उघडी राहिली तर कणकेसारखी वाळते. पण विस्तवात घातली की करपत नाही, उलट चांदी होऊन बाहेर येते. ओळखा पाहू!

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे कोडं घातलं तेव्हा एकच गलका झाला. कुणी म्हणालं कणीक, कुणी म्हणालं मेण. एक जण तर "कुल्फी!" म्हणून ओरडला. आणि अगदी मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "बाई, वीट."

सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगते, मीही हसले. वीट कुठे, चांदी कुठे! पण त्या हसण्याची मला पुढे चांगलीच लाज वाटली. का, ते ओघात येईलच.

कोड्याचं उत्तर आहे 'चांदीची माती'. मी डहाणूला राहते आणि तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. या मातीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ती थापच वाटली होती. पण ती थाप नाही. १९९० च्या सुमारास जपानमधल्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा नावाच्या संशोधकाने ती तयार केली. युक्ती ऐकाल तर म्हणाल, एवढंच होय! शुद्ध चांदीची पिठाहून बारीक पूड घ्यायची. ती एकत्र धरून ठेवायला थोडा चिकट पदार्थ आणि थोडं पाणी घालायचं, आणि छान मळायचं. झाली माती. तिच्या वजनातला बहुतेक भाग चांदीचाच असतो. हव्या त्या आकाराचा दागिना करायचा, वाळवायचा, आणि भाजायचा. भाजताना पाणी आधीच गेलेलं असतं, चिकट पदार्थ जळून जातो आणि चांदीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. मागे राहते ती निव्वळ चांदी.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या हं. चांदी वितळते सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला. दागिना भाजताना आपण तिथपर्यंत जातच नाही, त्याच्या अलीकडेच थांबतो. कण वितळून वाहत नाहीत, फक्त जिथे एकमेकांना टेकतात तिथे जुळतात. म्हणून तर आकार तसाच राहतो.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना हा नाद लागला कुठून? सांगते.

माझ्या आईकडे एक चांदीचा छल्ला होता. कमरेला खोचायचा, किल्ल्या अडकवायचा, घुंगरं असलेला. आई चिकूच्या वाडीत कामाला जायची. वाडीत जाताना ती छल्ला घालत नसे. पण चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला निघाली की तो कमरेला असायचाच. गर्दीत आम्ही भावंडं त्या घुंगरांच्या आवाजामागे चालायचो. आवाज आला की आई आहे, म्हणजे आपण हरवलो नाही! मी बारावी झाले, डी.एड.ला नंबर लागला, आणि पहिल्या वर्षाच्या फीसाठी तो छल्ला विकला गेला. आई एक अक्षर बोलली नाही. पुढच्या जत्रेत मी तिच्यामागे चालत होते, तर आवाजच नाही. मला तेव्हा काय वाटलं ते आजही लिहिता येत नाही.

नोकरी लागल्यावर मी आईला म्हटलं, "चल, नवा छल्ला घेऊ." ती म्हणाली, "आता किल्ल्या तुझ्याकडे. मला कशाला?" दोन-तीनदा विचारून पाहिलं, तेच उत्तर. मग मी ठरवलं की विकत घ्यायचं नाही, तिच्यासाठी चांदीचं काहीतरी स्वतःच्या हातानं करायचं. हातानं केलेलं तिला नाही म्हणता येणार नाही!

२०२३ च्या मे महिन्यात मी मुंबईहून चांदीच्या मातीची एक पुडी मागवली. दहा ग्रॅमची. टपालखर्च धरून जवळजवळ तीन हजार रुपये पडले. पुडी हातात आली आणि माझं तोंड उतरलं. केवढी म्हणाल? मोठ्या बोरापेक्षा किंचित मोठी! तेवढ्या वजनाची साधी चांदी सराफाकडे कितीतरी स्वस्त मिळाली असती. इथे चांदीखेरीज ती दळण्या-मळण्याचेही पैसे होते. दुसरी पुडी घेणं मला परवडणार नव्हतं. म्हणजे बिघडलं, तर संपलं.

पुडीबरोबरच्या कागदावर हत्यारांची लांबलचक यादी होती. खास लाटणं, खास पाट, खास भट्टी. ती सगळी घ्यायची तर माझा दोन महिन्यांचा पगार गेला असता. मी यादी उलटी ठेवली आणि घरात शोधायला लागले. लाटण्याच्या जागी प्लंबरकडून मागून आणलेला प्लॅस्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा. पाटाच्या जागी जाड प्लॅस्टिकची गुळगुळीत फाइल. चिकटू नये म्हणून बोटाला खोबरेल तेलाचा थेंब. कापायला सुई, घासायला बारीक पॉलिशपेपर. आणि सारख्या जाडीचं लाटायला काय घेतलं असेल? पत्ते! मातीच्या गोळीच्या डाव्या-उजव्या बाजूला चार-चार पत्त्यांच्या दोन थप्प्या ठेवायच्या आणि पाइपची टोकं त्यांवर टेकवून लाटायचं. पाइप पत्त्यांच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे सगळीकडे जाडी सारखी येते. एकच पथ्य पाळायचं, ॲल्युमिनियमचं भांडं, कागद किंवा हत्यार जवळ आणायचं नाही. ॲल्युमिनियम लागलं की ही माती बिघडते.

सगळी जमवाजमव झाली. पण पुडी फोडायचा धीर होईना. माझे एक मामा चिंचणीला राहतात, डायमेकिंगचं काम करतात. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी, वरोर आणि आजूबाजूच्या गावांत हा धंदा घराघरांत चालतो, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? डाय म्हणजे दागिन्यांचा ठसा. पोलादाच्या तुकड्याच्या तोंडावर बारीक छिन्न्यांनी नक्षी कोरतात. ही नक्षी उलटी आणि खोलगट असते. तिच्यावर सोन्या-चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाबला की पत्र्यावर सुलटी, उठावदार नक्षी उमटते. आपल्या आईच्या, मावशीच्या गळ्यातलं फूल कधी काळी अशाच एखाद्या गावात, डोळ्याला भिंग लावून बसलेल्या कारागिराने पोलादात उलटं कोरलेलं असू शकतं. गंमत आहे की नाही?

मामांकडे एक जुनी, कोपरा झिजलेली डाय पडून होती. तिच्यावर छोटी कोयरी होती. ती त्यांनी मला देऊन टाकली. मी म्हटलं, "मामा, पुडी फोडायची भीती वाटते." मामा हसले. मेणबत्तीचं मेण कोमट करून त्यांनी त्यावर डाय दाबली आणि ठसा मला दाखवला. म्हणाले, "आम्ही काय पहिल्याच दिवशी सोन्याला हात लावतो? ठेच लागायची तर मेणावर लागू दे. मेणाला भाव नाही."

एसटीत बसल्याबसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाव नसलेली माती तर माझ्या शाळेसमोरच्या शेतात हवी तेवढी होती!

जूनमध्ये शाळा उघडली, पाऊस पडला, आणि कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मातीकाम सुरू केलं. शेतातली चिकण माती आणली, खडे वेचले, पाण्यात कालवून फडक्यातून गाळली, निवळ काढून टाकला, आणि उरलेली माती दोन दिवस मुरू दिली. मग पत्ते, पाइप, सुई. मुलं लाटत होती, मीही लाटत होते. पहिले आठ दिवस माझी एकही चकती गोल झाली नाही. मुलांच्या झाल्या. वारली चित्र काढणाऱ्या घरातली बोटं ती! एकाने काडीने चकतीवर तारपा वाजवणारा माणूस काढला आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. मी कोयरी दाबत राहिले. तेल कमी झालं की माती डायला चिकटायची, जास्त झालं की नक्षी पुसट यायची. शंभराच्या वर कोयऱ्या मी मोडल्या असतील. खर्च? शून्य रुपये.

मातीने आम्हाला गणितही शिकवलं बरं का. आम्ही दहा सेंटिमीटर लांबीची पट्टी कापून वर्गात वाळत ठेवली. चार दिवसांनी मोजली तर ९ सेंटिमीटर आणि ३ मिलिमीटर! पोरं चकित. "बाई, कुणीतरी कापली!" कुणी कापली नव्हती, पाणी उडून गेलं होतं आणि मातीचे कण जवळ सरकले होते. चांदीची मातीही अशीच आटते. माझ्या पुडीवर लिहिलं होतं की ती भाजल्यावर लांबीत दहाव्या हिश्शाने कमी होते. ऐकायला हे थोडंच वाटतं. पण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दहाव्या हिश्शाने कमी झाल्या तर? ९ गुणिले ९ गुणिले ९ करा. ७२९ आले ना? म्हणजे आधी आकारमान १००० होतं असं धरलं तर आता ७२९ उरलं. चौथ्या हिश्शाहून जास्त गायब! म्हणून अंगठी करायची तर ती बोटाहून मोठी करावी लागते, नाहीतर करंगळीतही जात नाही. शिवाय ही चांदी ओतीव चांदीपेक्षा थोडी सच्छिद्र आणि मऊ असते. मी अंगठीच्या वाटेला गेलेच नाही. पदक करायचं ठरवलं.

ऑगस्ट उजाडला. हात आता बसला होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर घरी येऊन मी पुडी फोडली. पुडीतली सगळी माती घेतली नाही, चारच ग्रॅमची गोळी घेतली. उरलेली माती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, ओल्या कापसाच्या बोळ्याबरोबर डबीत ठेवली. लाटलं, डाय दाबली, सुईने कडेने कापलं, वर दोरा ओवायला भोक पाडलं. कोयरी इतकी सुरेख उठली की मी नाचायचीच बाकी होते. रात्रभर खिडकीत वाळत ठेवली. सकाळी हात लावून पाहिलं तर कडक. झालं, निघाले.

आमच्या बाजारात एक सोनारकाका आहेत, चांगल्या ओळखीचे. भट्टी विकत घेणं शक्य नव्हतं; पण लहानसा दागिना सोनाराच्या गॅसच्या फुंकणीनेही भाजता येतो. काकांनी कोयरी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, आमच्याकडे चांदी आधी वितळते, मग आकार घेते. तुझं सगळं उलटंच दिसतंय!" पण त्यांनी विटेवर कोयरी ठेवली आणि ज्योत धरली.

फट्! एवढासा आवाज झाला आणि कोयरीचे तीन तुकडे झाले.

मी काही बोलले नाही. पैसे विचारले, तर काका म्हणाले, "कसले पैसे?" मी तुकडे रुमालात बांधून घरी आले. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "डोळे का लाल?" तिने विचारलं. "धूळ गेली," मी म्हटलं. पावसाळ्यात कसली धूळ? तिने फक्त एकदा पाहिलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

सोमवारी ते तुकडे मी वर्गात नेले. मुलांच्या चुका मी रोज फळ्यावर लिहिते. मग माझी चूक का लपवायची? तुकडे हातोहात फिरले. सगळ्यांनी चुकचुक केलं. मागच्या बाकावर पोचले तेव्हा त्या मुलीने एक तुकडा डोळ्याजवळ नेला, मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, आत ओल होती."

हीच ती 'वीट' म्हणणारी मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही. दरवर्षी दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला जातात आणि ती त्यांच्याबरोबर जाते. तिथे धाकट्या भावाला सांभाळते. पावसाच्या तोंडावर परत येते तेव्हा तिचं अर्धं पुस्तक कोरं राहिलेलं असतं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे असा कायदा आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो मी शिकले आहे, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं आहे. पण घरी सांभाळायला कुणी नसेल तर मूल आईबापांच्या मागे जातं, आणि कायदा पाड्यावरच राहतो. त्यामुळे वर्गात ती कधी हात वर करत नसे. तिला काही येत नाही असं सगळ्यांना वाटायचं. मलाही थोडं वाटायचं, हे कबूल करते.

त्या दिवशी मी तिला फळ्याजवळ बोलावलं. ती तिच्या वारली बोलीत सांगत होती, मी आपल्या पुस्तकी भाषेत लिहिते. "कच्ची वीट वरून वाळते, पण आत ओली असते. म्हणून ती उन्हात उलटीपालटी करतात. मग मध्ये वारा जाईल अशी रचतात. हाताला गार लागली तर ती ओली. ओली वीट भट्टीत गेली की फुटते. आणि बाई, साचा विटेपेक्षा मोठा असतो, कारण वीट आटते."

वर्ग चिडीचूप. जे समजायला मला तीन हजार रुपये आणि तीन महिने लागले, ते या मुलीला सगळं ठाऊक होतं. कोड्याच्या दिवशी तिने "वीट" म्हटलं ते चूक नव्हतंच मुळी! लाटली, साच्यात घातली, वाळवली, भाजली आणि दगडासारखी झाली. चांदीच्या मातीचं आणि विटेचं नातं तिने ओळखलं होतं, आणि आम्ही हसलो होतो. मी सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, "माझं चुकलं गं. उत्तर बरोबरच्या अगदी शेजारचं होतं." ती लाजली आणि पळत जागेवर गेली.

खरंच, ऑगस्टची समुद्राची दमट हवा, त्यात एका रात्रीत काय वाळणार? आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही आणि तिने कोयरी फोडली. एवढं साधं!

दुसरी खेप मी ऑक्टोबरपर्यंत थांबवली. कडक ऊन पडू लागलं तेव्हा उरलेल्या सहा ग्रॅमची कोयरी केली. ती तीन दिवस सावलीत, मग दोन दिवस उन्हात, दर दोन तासांनी उलटून वाळवली. विटेसारखी! शेवटी थोडा वेळ कोमट तव्यावर ठेवली. ओल आहे की नाही ते पाहायची एक सोपी युक्तीही मला कळली. कोमट दागिना आरशावर ठेवायचा आणि लगेच उचलायचा. खाली वाफेचा धूसर डाग उठला तर आत अजून पाणी आहे. डाग उठला तर पुन्हा वाळवायचं. माझ्या कोयरीखाली दोनदा डाग उठला. तिसऱ्यांदा आरसा लख्ख राहिला.

कडा पॉलिशपेपरने अलगद घासल्या. पडलेली पूडही जपून ठेवली, कारण तीही चांदीच! पाण्याच्या थेंबात कालवली की तिची लुकडी होते आणि बारीक भेग बुजवायला उपयोगी पडते.

पुन्हा सोनारकाका. या वेळी त्यांनी दुकानातला दिवा बंद केला, म्हणजे तापल्याचा रंग नीट दिसतो. ज्योत गोल गोल फिरवत धरली. आधी थोडा धूर आला, क्षणभर छोटीशी ज्वाळा दिसली. तो चिकट पदार्थ जळत होता. मग कोयरी पांढरी झाली, आणि हळूहळू पिकल्या पपईच्या रंगाने उजळली. काकांनी घड्याळ पाहून दोन-अडीच मिनिटं तोच रंग राखला. "पाऱ्यासारखी लकाकी आली की समजायचं वितळायला लागली, तिथे ज्योत मागे," ते म्हणाले. इतकी वर्षं आगीकडे पाहिलेले डोळे ते! त्यांना कुठला कागद वाचावा लागला नाही.

थंड झालेली कोयरी पाहून मात्र माझा धीर सुटला. खडूसारखी पांढरीफटक! काकांनी पितळी तारेचा ब्रश माझ्या हातात दिला. "घास." पाणी घालून घासलं, आणि त्या पांढऱ्यातून चांदी वर आली. वरचा थर खडबडीत असतो, त्यावर पडलेला उजेड विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. घासून तो सपाट केला की चमकते. घरी येऊन मी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने ती आणखी घोटली. मोजून पाहिली. कच्ची असताना तीस मिलिमीटर होती, आता सत्तावीस.

दिवाळीत पाडव्याला मी ती काळ्या दोऱ्यात ओवून आईच्या हातावर ठेवली. आईने विचारलं, "कितीला घेतली?" मी म्हटलं, "घेतली नाही, केली." तिने ती उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा राहिला होता, पुसायचा विसरले होते. ती बराच वेळ त्या ठशावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी धूळ गेली होती ती हीच का?" आणि दोरा गळ्यात घातला.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा मागच्या बाकावरची जागा रिकामी होती. मी सुट्टीआधी तिच्या घरी जाऊन आले होते, आजीजवळ ठेवा म्हणून विनवलं होतं. आजीला दिसत नव्हतं. मी तिला पाटी, पुस्तकं आणि एका पिशवीत आमची गाळलेली माती बांधून दिली होती. आमच्या वर्गाने पावसाळ्यात केलेले मणी कच्चेच होते. पाण्यात पडले की विरघळायचे. ती म्हणाली होती, "हे भट्टीत भाजायला हवेत."

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ती आली. उंच झाली होती, पाचवीची झाली होती. तिने माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. आत लालभडक मण्यांच्या दोन माळा होत्या. वडिलांनी भट्टी लावताना विटांच्या फटीत मणी ठेवून भाजून दिले होते. एक माळ तिची, एक माझी. मी एक मणी पाण्याच्या ग्लासात टाकला. पूर्ण तासभर आम्ही सगळे त्याकडे पाहत होतो. विरघळला नाही! त्या वर्षी तिच्या मावशीने तिला आपल्याकडे ठेवून घेतलं, आणि जानेवारीतही तिची जागा भरलेली होती. दर वर्षी असंच होईल असं मी म्हणू शकत नाही, पण त्या वर्षी झालं. आणि माझ्या आईच्या कोयरीच्या दोन्ही बाजूंना आता तीन-तीन लाल मणी आहेत.

मुलांनो, तुम्हाला दागिने करावेसे वाटले तर चांदीपासून सुरुवात करू नका. शेतातली, कुंडीतली किंवा शाडूची माती घ्या. पत्त्यांच्या थप्प्या लावून लाटा. डाय नसेल तर पिंपळाच्या पानाची मागची बाजू दाबा. शिरा किती छान उमटतात ते पाहा. पट्टीने मोजा, वाळवा, पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. सावलीत सावकाश वाळवा. भाजायचं काम मात्र मोठ्यांचंच. गॅस, फुंकणी आणि भट्टी यांच्याजवळ एकट्याने जायचं नाही. आणि पालकहो, पुढे कधी चांदीची पुडी घेतलीत तर निम्मीच वापरा. पहिली कोयरी फुटायचीच!

आणखी एक. तुमच्या वर्गात कोडं घातलं आणि मागच्या बाकावरून कुणी भलतंच उत्तर दिलं, तर हसू नका. आधी विचारा, "वीट का गं?"